हुक्केरीपाशी अडणारा प्रोग्राम, आणि शोधाविषयीचे इतर प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे: प्रोग्रामिंग शिकताना नेटवर शोधतो, पण हवं ते हाती लागत नाही. म्हणून हा सगळा अंक शोधाविषयीच्या प्रश्नांनाच दिला आहे. एक सूचना आधी. आज्ञा आणि चुकांचे संदेश इथे देवनागरीत छापले आहेत. शोधपट्टीत किंवा प्रोग्राममध्ये टाकताना ते रोमन लिपीत, स्क्रीनवर दिसतात तसेच टाकावेत.

प्रश्न : पायथनमध्ये पाच विषयांच्या गुणांची बेरीज करणारा प्रोग्राम लिहिला. चालवला की लाल अक्षरांत आठ-दहा ओळी येतात. त्या सगळ्या कॉपी करून गूगलवर टाकल्या तर कामाचं काही येत नाही. ‘माय प्रोग्राम नॉट वर्किंग’ टाकलं तर भलतंच येतं. नेमकं शोधायचं काय? (बीसीए, पहिलं वर्ष, निपाणी)

उत्तर : त्या लाल ओळी खालून वर वाचायच्या. पायथन पहिल्याच ओळीत तसं सांगतो: ‘मोस्ट रिसेंट कॉल लास्ट’, म्हणजे सगळ्यात ताजी गोष्ट सगळ्यात शेवटी. तुम्ही पाठवलेल्या फोटोत शेवटची ओळ आहे ‘इंडेक्सएरर: लिस्ट इंडेक्स आऊट ऑफ रेंज’. शोधायची ती हीच. तिच्या वरच्या ओळी तुमच्यासाठी आहेत, गूगलसाठी नाहीत. कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीवर गाडी अडली ते त्यांत लिहिलेलं असतं.

शोधण्याआधी त्या ओळीतलं स्वतःचं सामान काढून टाका: फाइलचं नाव, सी ड्राइव्हपासून सुरू होणारा पत्ता, ओळ नंबर, तुम्ही ठेवलेली व्हेरिएबलची नावं. जगात दुसऱ्या कुणाच्या संगणकावर तुमच्या नावाचा फोल्डर नाही, त्यामुळे तो शब्द शोधात राहिला की उत्तरं आटतात. ‘कीएरर: निपाणी’ असं आलं तर ‘निपाणी’ काढा, ‘कीएरर’ ठेवा. उरलेलं वाक्य दुहेरी अवतरणचिन्हांत घाला, म्हणजे शब्द त्याच क्रमाने असलेली पानं वर येतात. त्याआधी भाषेचं नाव आणि शेवटी तुम्ही काय करत होता त्याचे दोन शब्द लिहा. तुमच्यासाठी शोध असा होईल: पायथन "लिस्ट इंडेक्स आऊट ऑफ रेंज" फॉर लूप. अवतरणात घालून काहीच आलं नाही, तर वाक्यात अजून तुमचं काहीतरी शिल्लक आहे. ते काढा, किंवा वाक्याचा अर्धाच तुकडा अवतरणात ठेवा.

आता तुमचा प्रोग्राम जरा जवळून पाहू, कारण इथेच एक फसवं उत्तर दबा धरून बसलंय. यादीत पाच गुण आहेत: ६१, ७२, ५८, ८०, ६९. पायथन यादी शून्यापासून मोजतो, म्हणून जागा ० ते ४. तुम्ही लिहिलंय ‘रेंज(१, ६)’, म्हणजे १ ते ५. ५ नंबरच्या जागेवर काही नाही, म्हणून चूक. शोधल्यावर ‘शेवटचा आकडा एकाने कमी करा’ असा सल्ला लगेच मिळेल. ‘रेंज(१, ५)’ केलं की लाल ओळी जातील आणि बेरीज २७९ येईल. खरी बेरीज ३४० आहे. पहिल्या विषयाचे ६१ गुण मोजलेच गेले नाहीत, आणि आता ते सांगायला लाल ओळही नाही. बरोबर दुरुस्ती ‘रेंज(५)’, किंवा त्याहून सरळ म्हणजे ‘फॉर गुण इन यादी’.

म्हणून सापडलेलं उत्तर वापरल्यावर चूक गेली एवढ्यावर थांबू नका. उत्तर आधीच माहीत असलेला एक छोटा हिशोब कागदावर करा आणि प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून पाहा.

प्रश्न : आमच्या गावच्या दूध संकलन केंद्रासाठी लिटर, फॅट आणि रकमेचा हिशोब पायथनमध्ये करतोय. एक्सेलमधल्या यादीत उत्पादकांची आणि गावांची नावं मराठीत आहेत, काही कन्नडमध्ये. फाइल उघडताना ‘युनिकोडडिकोडएरर: चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट’ असं येतं. नेटवर चार जणांनी चार उत्तरं दिलीत. एक वापरलं तर चूक गेली, पण नावांच्या जागी चिन्हांचा कचरा आला. (खानापूर तालुका)

उत्तर : हा प्रश्न आपल्या भागात प्रत्येकाला कधी ना कधी भेटणार, म्हणून सविस्तर लिहितो.

संदेशात ‘बाइट’ शब्दाच्या पुढे ‘शून्य-एक्स-आठ-डी’ असा आकडा आहे. त्याच्या पुढचा ‘पोझिशन’चा आकडा ही फाइलमधली बाइटची जागा आहे, ओळ नंबर नव्हे, म्हणून त्या ओळीवर जाऊन काही सापडणार नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्या साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत, तीन बाइटचं असतं आणि आपल्या हलन्तचा, पाय मोडण्याच्या खुणेचा, तिसरा बाइट नेमका आठ-डी आहे. विंडोजवर पायथनला काही सांगितलं नाही, तर तो बहुतेक वेळा फाइल सीपी-१२५२ नावाच्या जुन्या पश्चिम युरोपीय तक्त्याने वाचायला जातो. त्या तक्त्यात आठ-डी या जागी अक्षरच नाही, म्हणून तो तिथे थांबतो.

यादीत नुसती निपाणी आणि चिकोडी असती तर प्रोग्राम चुकीशिवाय चालला असता. नावं मात्र तेव्हाही बिघडलेलीच दिसली असती. येळ्ळूर आलं की जोडाक्षर आलं, जोडाक्षराबरोबर हलन्त आला, आणि प्रोग्राम अडला. हुक्केरीत तर तो जोडाक्षराच्याही आधी, ‘हु’च्या उकारावरच अडतो, कारण उकाराचा तिसरा बाइट आठ-एक आहे आणि त्या तक्त्यात तीही जागा रिकामी आहे. ‘झ’ आणि ‘ए’ याही अक्षरांवर तो असाच अडतो, फक्त आकडा वेगळा दिसतो. कन्नडमध्ये नाव लिहून सुटका नाही. कन्नडच्या हलन्ताचाही तिसरा बाइट आठ-डीच आहे आणि उकाराचाही आठ-एकच, म्हणजे हुक्केरी दोन्ही लिप्यांत एकाच दगडाला ठेचकाळते.

आता तुम्हाला मिळालेली उत्तरं. पहिलं: ‘एन्कोडिंग लॅटिन-१ द्या’. हेच तुम्ही वापरलंत. लॅटिन-१ मध्ये २५६ पैकी प्रत्येक बाइटला काहीतरी अक्षर आहे, त्यामुळे ते कधीच तक्रार करत नाही आणि मराठीच्या एका चिन्हाचे तीन परके तुकडे करून देतं. दुसरं: ‘एरर्स इग्नोर द्या’. यात न कळलेले बाइट गुपचूप गाळले जातात, म्हणजे नावातली अक्षरं कायमची जातात. ही दोन्ही उत्तरं चुकेच्या संदेशाचं तोंड बंद करतात, फाइल बरोबर वाचत नाहीत. तिसरं उत्तर, विंडोजची सेटिंग बदला. त्याने तुमच्या संगणकावर काम होईल, पण केंद्रातल्या दुसऱ्या संगणकावर पुन्हा तेच रडगाणं. चौथं उत्तर बरोबर: फाइल उघडतानाच ‘एन्कोडिंग = यूटीएफ-८’ असं लिहून सांगा.

पण ते उत्तर चालण्यासाठी फाइल मुळात यूटीएफ-८ हवी. एक्सेलमध्ये ‘सेव्ह अॅज’ करताना ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा पर्याय निवडा (सीएसव्ही म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकुराची फाइल). त्याऐवजी नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं साठवली जातात आणि ती कुठल्याही आज्ञेने परत येत नाहीत. म्हणून मूळ एक्सेल फाइल कधी पुसू नका.

‘सीएसव्ही यूटीएफ-८’ ने साठवलेल्या फाइलच्या सुरुवातीला एक्सेल न दिसणारी खूण घालतं. तिच्यामुळे पहिल्या रकान्याचं नाव ‘नाव’ असूनही ‘कीएरर: नाव’ येतो. स्क्रीनवर दोन्ही शब्द सारखेच दिसतात, त्यामुळे माणूस तासन्‌तास बघत बसतो. वाचताना ‘यूटीएफ-८-सिग’ लिहा, खूण आपोआप गाळली जाते. हिशोब करून नवी फाइल लिहितानाही ‘यूटीएफ-८-सिग’च ठेवा, म्हणजे ती डबल-क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली की नावं नीट दिसतील.

अशा वेळी शोध कसा घ्यावा तेही सांगतो. संदेशातला बाइटचा आकडा आणि पोझिशन गाळा, कारण तो प्रत्येकाचा वेगळा. "चारमॅप कोडेक कान्ट डिकोड बाइट" एवढंच अवतरणात, आणि बाहेर पायथन, विंडोज, सीएसव्ही हे तीन शब्द. ‘विंडोज’ महत्त्वाचा आहे, कारण लिनक्सवर ही चूक सहसा दिसतच नाही आणि तिथल्या लोकांची उत्तरं तुम्हाला लागू पडत नाहीत.

प्रश्न : सी भाषेचा प्रोग्राम नेटवरून घेतला की आमच्या लॅबच्या उबंटूवर चालत नाही. ‘कोनिओ डॉट एच: नो सच फाइल’ असं येतं. मित्राच्या घरी तोच चालतो. (इंजिनिअरिंग, पहिलं वर्ष, बेळगाव)

उत्तर : मित्राकडे टर्बो सी असणार. तो डॉसच्या काळातला कंपायलर आहे, आणि त्याच्यासाठी लिहिलेले हजारो प्रोग्राम अजून नेटवर जसेच्या तसे पडून आहेत. ओळखायच्या खुणा चार: कोनिओ डॉट एच, क्लिअरस्क्रीनची ‘सीएलआरएससीआर’ ही आज्ञा, ‘व्हॉइड मेन’, आणि ‘गेट्स’. यातली एक जरी दिसली तरी ते पान सोडा. शोधातच उणे चिन्ह लावून ती गाळता येतात: सी प्रोग्राम लिंक्ड लिस्ट जीसीसी -कोनिओ -टर्बो. (जीसीसी हा उबंटूवरचा सीचा कंपायलर.) उणे चिन्ह आणि शब्द यांच्यात जागा सोडायची नाही, आणि चिन्हाच्या आधी मात्र सोडायची.

या चारपैकी पहिल्या दोन खुणांच्या ओळी, आणि ‘गेटसीएच’ असेल तर तीही, काढल्या आणि ‘इंट मेन’ केलं की बहुतेक प्रोग्राम चालू लागतात. ‘गेट्स’ मात्र नुसतं जुनं नाही, धोक्याचं आहे. किती अक्षरं घ्यायची याला त्यात मर्यादाच नाही, म्हणून २०११ च्या सी मानकातून ते काढून टाकलं. त्याऐवजी ‘एफगेट्स’ वापरा. ते शेवटचा एंटरही शब्दात ठेवतं, तो काढावा लागतो.

तुम्ही पत्रासोबत पाठवलेल्या दुसऱ्या प्रोग्रामची अडचण वेगळी आहे: आकडा घेतल्यावर ‘पुढे जायचं का, वाय की एन’ विचारतो आणि उत्तराची वाट न बघताच पुढे पळतो. इथे लाल ओळ नाही, त्यामुळे लक्षणच शोधायचं. लक्षण लिहिताना आज्ञेचं नाव आणि ती काय करत नाही एवढंच घ्या: सी स्कॅनएफ स्किप्स कॅरॅक्टर इनपुट आफ्टर इंटिजर. कारण असं की पर्सेंट-डी आकडा उचलतो, पण तुम्ही दाबलेला एंटर मागे राहतो, आणि पुढचा पर्सेंट-सी तोच अक्षर म्हणून घेतो. पर्सेंट-सी च्या आधी अवतरणात एक रिकामी जागा सोडा, काम झालं. ‘एफफ्लश एसटीडीइन’ वापरा असं सांगणारी उत्तरं खूप दिसतील. ती आज्ञा बाहेर जाणाऱ्या मजकुरासाठी आहे. आत येणाऱ्यावर ती वापरली तर काय होईल हे सीच्या मानकात ठरवलेलंच नाही, म्हणून ती विंडोजवर कधी चालते आणि तुमच्या लॅबमध्ये चालेलच असं नाही.

आणखी एक. जर्नलसाठी वर्डमधून किंवा व्हॉट्सअॅपवरून कोड चिकटवला की सरळ अवतरणचिन्हांची वाकडी होतात आणि कंपायलर ती ओळखत नाही. चूक दिसत नसेल तर त्या ओळीतली अवतरणचिन्हं पुसून कीबोर्डवरून पुन्हा टाका.

प्रश्न : मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलो. इंग्रजीत शोधायची भीती वाटते. मराठीत शोधलं तर चालेल का? (पदविका, चिकोडी)

उत्तर : दोन कामं वेगळी करा. लूप म्हणजे काय, फंक्शन कशासाठी, हे समजून घ्यायला मराठीत वाचा, मराठीत ऐका, कन्नड किंवा हिंदी चांगली येत असेल तर तीही घ्या. समज ज्या भाषेत पक्की होते तीच भाषा बरोबर. आलेल्या चुकेवरचं उत्तर शोधायला मात्र यंत्राचे शब्द लागतात, आणि ते यंत्रानेच स्क्रीनवर लिहून दिलेले असतात. तिथे तुम्हाला इंग्रजी रचायचं नाही, उतरवायचं आहे. शोधाला व्याकरणही लागत नाही. ‘हाऊ कॅन आय’ वगैरे सुरुवात नसली तरी काही अडत नाही. भाषेचं नाव, वस्तू, क्रिया: पायथन लिस्ट सॉर्ट. पायथन डिक्शनरी डिलीट. एवढं पुरतं.

खरी अडचण येते ती ज्या गोष्टीला काय म्हणतात तेच माहीत नसतं तेव्हा. उदाहरण घेऊ. पायथनला ‘बेळगाव’ची लांबी विचारली तर तो ६ सांगतो. आपल्याला अक्षरं दिसतात चार. इथे चूक नाही, संदेश नाही. मग जे दिसतं ते ओबडधोबड टाका: पायथन लेन देवनागरी राँग. पहिल्या दोन-तीन पानांत उत्तर नसेलही, पण शब्द मिळतील: ‘कोड पॉइंट’, ‘कम्बाइनिंग मार्क’. ते घेऊन दुसरा शोध करा. त्यातून ‘ग्रॅफीम क्लस्टर’ हा नेमका शब्द हाती येतो आणि तिसऱ्या शोधात उत्तर समोर असतं: पायथन मात्रा आणि काना वेगळे मोजतो, म्हणून ब, मात्रा, ळ, ग, काना, व असे सहा. डोळ्याला दिसतात तशी अक्षरं मोजायला ‘रेजेक्स’ नावाचं वेगळं मॉड्यूल मिळतं, पायथनबरोबर येणाऱ्या ‘आरई’त ती सोय नाही. जोडाक्षर एक धरायचं की दोन, याचा नियम युनिकोडच्या आवृत्तीनुसार बदलला आहे, तेवढं ‘हुक्केरी’ घालून तपासून पाहा.

पहिला शोध उत्तरासाठी नाही, शब्दासाठी आहे असं धरून चाललात तर निम्मी निराशा कमी होईल. एक वही ठेवा. डाव्या बाजूला आपल्या शब्दांत अडचण, उजव्या बाजूला सापडलेला नेमका शब्द.

प्रश्न : एकाच प्रश्नाला दहा उत्तरं येतात. कुठलं धरायचं? सगळ्यात वर आता गूगलचं एआय उत्तरही येतं. (उद्यमबाग, बेळगाव)

उत्तर : आधी तारीख बघा. पायथन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला संपला, पण त्याची उत्तरं नेटवर आहेतच. ‘प्रिंट’च्या पुढे कंस नाही, किंवा ‘रॉ इनपुट’ दिसलं, की ते पान पायथन २ चं. शोधात ‘आफ्टर:२०२१’ असं लिहिलं, कोलननंतर जागा न सोडता, तर त्यानंतरची पानं येतात.

स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवर हिरवी खूण म्हणजे विचारणाऱ्याचं काम झालं, एवढंच. ते सगळ्यात चांगलं उत्तर असेल असं नाही. आधी प्रश्न पूर्ण वाचा आणि तो तुमचाच आहे का बघा, मग जास्त मतांची उत्तरं आणि त्यांच्या खालच्या बारीक टिप्पण्या. ‘हे नव्या आवृत्तीत चालत नाही’ ही ओळ बहुतेक तिथे सापडते.

एआयचं उत्तर शब्द मिळवायला चांगलं. पण त्यात अस्तित्वात नसलेली आज्ञाही खात्रीच्या सुरात लिहिलेली असू शकते. त्यातलं फंक्शनचं नाव उचला आणि मूळ दस्तऐवजात आहे का बघा. पायथनसाठी शोधात ‘साइट:डॉक्स.पायथन.ऑर्ग’ जोडा, वेबपानांच्या भाषांसाठी ‘साइट:डेव्हलपर.मोझिला.ऑर्ग’. पायथनच्या पानावर वर डावीकडे आवृत्ती निवडायची पट्टी असते. तुमच्या संगणकावर आहे तीच आवृत्ती तिथे ठेवा.

प्रश्न : ‘नो मॉड्यूल नेम्ड सीव्ही-२’ आलं म्हणून ‘पिप इन्स्टॉल सीव्ही-२’ केलं, तरी होत नाही. (संकेश्वर)

उत्तर : पिप म्हणजे पायथनची जास्तीची मॉड्यूल्स बसवणारं साधन. प्रोग्राममधलं नाव आणि पिपचं नाव वेगळं असू शकतं. सीव्ही-२ साठी ‘ओपनसीव्ही-पायथन’, पीआयएल साठी ‘पिलो’, एसकेलर्न साठी ‘सायकिट-लर्न’, बीएस-४ साठी ‘ब्यूटिफुलसूप-४’. अंदाजाने नाव टाकून बघू नका. नावाशी मिळतंजुळतं नाव ठेवून घातक कोड टाकणारे लोक असतात. पिप जिथून मॉड्यूल्स आणतं त्या ‘पायपीआय’ साइटवरचं त्याचं पान आधी उघडा, जुन्या आवृत्त्यांची यादी आणि मूळ प्रकल्पाचा दुवा आहे का बघा, मग ‘पाय -एम पिप इन्स्टॉल’ असं लिहा. नुसतं ‘पिप’ लिहिलं तर संगणकावर दोन पायथन असताना ते कधीकधी भलत्याच्या खात्यात जाऊन बसतं.

तुमच्याच फाइलचं नाव ‘रँडम’ किंवा ‘सीएसव्ही’ ठेवलं नाही ना, तेही बघा. ठेवलं असेल तर पायथन खऱ्या मॉड्यूलऐवजी तुमचीच फाइल उचलतो आणि ‘हॅज नो अॅट्रिब्यूट’ म्हणतो. तिथे मॉड्यूलमध्ये दोष नसतो, अडचण तुमच्या फाइलच्या नावात असते.

प्रश्न : आमच्याकडे रेंज येते-जाते. घरी शोधताच येत नाही. (जांबोटी परिसर)

उत्तर : बेळगावला किंवा खानापूरला आलात की पायथनच्या दस्तऐवजांच्या पानावरून ‘डाउनलोड’मधली एचटीएमएल झिप उतरवून घ्या आणि तिच्यातलं ‘इंडेक्स’ पान ब्राउझरमध्ये उघडा. त्यातली शोधपट्टी नेटशिवाय चालते. एखाद्याच आज्ञेपुरतं हवं असेल तर पायथनच्या खिडकीत ‘हेल्प’ लिहून कंसात तिचं नाव द्या. बाहेर पडायला क्यू दाबा. लिनक्स असेल तर सीसाठी टर्मिनलमध्ये ‘मॅन ३ स्कॅनएफ’. पान आलं नाही तर ‘मॅनपेजेस-डेव्ह’ हे पॅकेज रेंज असताना टाकून ठेवा. अडलेल्या चुकांच्या शेवटच्या ओळी दिवसभर वहीत जशाच्या तशा उतरवा, स्पेलिंगसकट, आणि रेंज आली की एकेक शोधून उत्तराचं पान ब्राउझरमधून साठवून घ्या.